चार ऋतू, वीस देश : स्पॅनिशमधल्या हवापाण्याच्या गप्पा

स्पॅनिशमध्ये हवेची चौकशी करण्याचा रुळलेला प्रश्न म्हणजे 'के तिएम्पो आसे?' 'तिएम्पो' म्हणजे हवा. वेळ या अर्थानेही हाच शब्द चालतो. 'आसे' हे 'आसेर', म्हणजे करणे, या क्रियापदाचे रूप. उत्तरही त्याच क्रियापदाने येते : 'आसे फ्रीओ' म्हणजे थंडी आहे, 'आसे कालोर' म्हणजे गरम होते आहे. लॅटिन अमेरिकेत पुष्कळ ठिकाणी हाच प्रश्न 'कोमो एस्ता एल क्लिमा?' असा विचारतात. काटेकोर वापरात 'तिएम्पो' म्हणजे आजची हवा आणि 'क्लिमा' म्हणजे एखाद्या प्रदेशाचे कायमचे हवामान. लॅटिन अमेरिकेतल्या रोजच्या बोलण्यात मात्र हा भेद फारसा पाळला जात नाही.

स्पॅनिश ही वीस देशांची अधिकृत भाषा आहे. पिरेनीज पर्वतातील बर्फाळ गावे, कॅरिबियन बेटे, अँडीजची पठारे आणि पातागोनियाची वादळी माळराने यांचे हवामान ती एकाच व्याकरणात सांगते. 'इन्बिएर्नो' या शब्दाने माद्रिदच्या माणसाला जानेवारीतले धुके आठवते, ब्युनोस आयर्सच्या माणसाला जुलै महिना आठवतो आणि कोस्टा रिकाच्या माणसाला दुपारचा धो धो पाऊस. म्हणून स्पॅनिशमधली हवेची भाषा शिकायची तर दोन गोष्टी बरोबरीने शिकाव्या लागतात : वाक्य कसे जुळते आणि बोलणारा कुठल्या आभाळाखाली उभा आहे.

उच्चाराबद्दल एक खुलासा. 'आसे', 'सिएर्सो' यांसारख्या शब्दांतला 'स' स्पेनच्या मोठ्या भागात 'थ'च्या जवळ जातो. लॅटिन अमेरिकेत तो 'स'च राहतो. या लेखात सगळीकडे 'स' वापरला आहे.

तीन क्रियापदांची वाटणी

हवेबद्दलची बहुतेक वाक्ये तीन क्रियापदांवर चालतात. पहिले 'आसेर'. अंगाला जाणवणारी हवा आणि दिवसाचा एकूण रागरंग ते सांगते : 'आसे सोल' (ऊन आहे), 'आसे बिएन्तो' (वारा आहे), 'आसे फ्रेस्को' (गारवा आहे), 'आसे बुएन तिएम्पो' (हवा छान आहे), 'आसे माल तिएम्पो' (हवा खराब आहे). इथे 'आसे'च्या पुढे बहुधा नाम येते.

दुसरे 'एस्तार'. आभाळाची या घडीची अवस्था त्याने सांगतात आणि त्याच्यापुढे विशेषण येते : 'एस्ता नुब्लादो' (ढगाळ आहे), 'एस्ता देस्पेखादो' (आभाळ निरभ्र आहे). चालू असलेली क्रियाही त्यानेच दाखवतात : 'एस्ता योबिएन्दो' (पाऊस पडतो आहे), 'एस्ता नेबान्दो' (बर्फ पडते आहे).

तिसरे 'आय', म्हणजे 'आहे' किंवा 'आहेत'. दिसणाऱ्या, दाखवता येणाऱ्या गोष्टींसाठी ते वापरतात : 'आय निएब्ला' (धुके आहे), 'आय नुबेस' (ढग आहेत), 'आय तोर्मेन्ता' (वादळ आहे), 'आय इएलो' (बर्फ साचून घट्ट झाले आहे). काही ठिकाणी दोन्ही रूपे चालतात. 'आसे सोल' म्हटले काय आणि 'आय सोल' म्हटले काय, ऐकणाऱ्याला सारखेच. लॅटिन अमेरिकेत 'एस्ता सोलेआदो' हेही सर्रास ऐकू येते.

मराठी माणसाची नेहमीची चूक होते ती 'खूप' या शब्दापाशी. मराठीत 'खूप थंडी' आणि 'खूप ढगाळ' या दोन्हींत 'खूप' एकच. स्पॅनिशमध्ये नामाआधी 'मुचो' आणि विशेषणाआधी 'मुय' येते. म्हणून 'आसे मुचो फ्रीओ' बरोबर, 'आसे मुय फ्रीओ' चूक. आणि 'एस्ता मुय नुब्लादो' बरोबर. 'आसे मुय बुएन तिएम्पो' हे वाक्य बरोबर आहे, कारण तिथे 'मुय' हा 'बुएन' म्हणजे चांगले या विशेषणाला चिकटतो.

हवेतली थंडी, माणसाला वाजणारी थंडी आणि वस्तूचा गारपणा यांसाठी स्पॅनिश तीन वेगळी क्रियापदे घेते. 'आसे फ्रीओ' म्हणजे थंडी आहे. 'तेंगो फ्रीओ' म्हणजे मला थंडी वाजते; शब्दशः पाहिले तर 'माझ्याजवळ थंडी आहे'. 'ला सोपा एस्ता फ्रीआ' म्हणजे सूप गार झाले आहे. मराठीतही 'थंडी आहे', 'थंडी वाजते' आणि 'चहा गार झाला' अशी वाटणी आधीपासून आहेच, त्यामुळे हा भेद मराठी विद्यार्थ्याच्या लवकर अंगवळणी पडतो. उकाड्याबाबत मात्र सावध राहावे. 'मला गरम होते आहे' यासाठी 'तेंगो कालोर' असेच म्हणावे. 'एस्तोय कालिएन्ते' असे म्हटल्यास त्याचा अर्थ कामुकतेकडे जातो आणि बोलणारा अडचणीत येतो.

कर्ता नसलेला पाऊस

'पाऊस पडतो' या मराठी वाक्यात पाऊस हा कर्ता आहे. स्पॅनिशमध्ये 'युएबे' हा एकच शब्द म्हणजे पूर्ण वाक्य. त्याला कर्ता नाही. 'निएबा' म्हणजे बर्फ पडते, 'ग्रानिसा' म्हणजे गारा पडतात, 'त्रुएना' म्हणजे गडगडते, 'रेलाम्पागेआ' म्हणजे विजा चमकतात. ही क्रियापदे या अर्थाने फक्त तृतीयपुरुषी एकवचनात चालतात.

मराठी व्याकरणात अशा क्रियापदांना भावकर्तृक म्हणतात आणि शाळेतली त्यांची उदाहरणे बहुतेकांना आठवत असतील : उजाडले, सांजावले, गडगडते. स्पॅनिशमध्ये 'आमानेसे' म्हणजे उजाडते आणि 'आनोचेसे' म्हणजे अंधारते, दोन्ही कर्त्याविना. 'गडगडते' म्हणताना मराठी माणूस 'कोण गडगडते?' असे विचारत नाही. 'युएबे'कडेही त्याच नजरेने पाहिले की गोंधळ उरत नाही.

या क्रियापदांत स्वरांचा एक बदल असतो. मूळ रूप 'योबेर', पण वर्तमानकाळात 'युएबे'. मूळ 'नेबार', पण 'निएबा'. मूळ 'त्रोनार', पण 'त्रुएना'. शब्दातला आघात मूळ स्वरावर पडला की 'ओ'चा 'उए' आणि 'ए'चा 'इए' होतो. आघात पुढे सरकला की मूळ स्वर परत येतो, म्हणूनच 'एस्ता योबिएन्दो'.

भूतकाळात मराठीसारखाच भेद आहे. 'योबीआ' म्हणजे पाऊस पडत होता. 'योबिओ' म्हणजे पाऊस पडला. गोष्ट सांगताना पार्श्वभूमीची हवा पहिल्या रूपात येते आणि घडून गेलेली घटना दुसऱ्या रूपात. 'आसीआ फ्रीओ' म्हणजे थंडी होती; 'आयेर इसो मुचो कालोर' म्हणजे काल फार गरम झाले. पुढचे सांगायचे तर 'बा आ योबेर', म्हणजे पाऊस येणार. काळे ढग पाहून सहज तोंडून निघते ते हेच वाक्य. बातमीपत्रात 'मान्याना योबेरा' असे भविष्यकाळी रूप येते : उद्या पाऊस पडेल.

इच्छा आणि शंका यांसाठी क्रियापदाचे वेगळे रूप, म्हणजे 'सुबखुन्तिबो', लागते आणि तिथे 'युएबे'चे 'युएबा' होते. 'एस्पेरो के नो युएबा' म्हणजे पाऊस पडू नये अशी आशा आहे. दुष्काळात शेतकरी म्हणतो, 'ओखाला युएबा!' म्हणजे पाऊस पडो! 'ओखाला' हा शब्द अरबीतून आला. 'अल्लाची इच्छा असेल तर' हा त्याचा मूळ अर्थ. इसवी सन ७११ पासून १४९२ पर्यंत स्पेनच्या कमीअधिक भागावर मुस्लिम सत्ता होती. पाटाला 'आसेकिया' आणि पाणी साठवण्याच्या टाकीला 'आल्खिबे' म्हणतात, तेही शब्द त्याच काळातले. पाण्याची वाट पाहणाऱ्या आणि पाणी साठवणाऱ्या भूमीची ही शब्दसंपत्ती आहे.

स्पेनचे चार ऋतू

ऋतूला 'एस्तासिओन' म्हणतात. रेल्वे स्थानकालाही हाच शब्द आहे. वसंत म्हणजे 'प्रिमाबेरा', उन्हाळा 'बेरानो', शरद 'ओतोन्यो' आणि हिवाळा 'इन्बिएर्नो'. 'प्रिमाबेरा' स्त्रीलिंगी, बाकी तिन्ही पुल्लिंगी. 'उन्हाळ्यात' म्हणायला 'एन बेरानो' किंवा 'एन एल बेरानो', दोन्ही चालतात. पावसाळा हा स्पेनमध्ये वेगळा ऋतू नाही. तिथे पाऊस मुख्यतः शरद, हिवाळा आणि वसंत या तीन ऋतूंत विभागलेला असतो आणि कोरडा असतो तो उन्हाळा.

प्रिमाबेरा साधारण २० मार्चला सुरू होते. या दिवसांत हवेचा भरवसा नसतो. सकाळी ऊन, दुपारी सर आणि रात्री गारठा. एक्स्त्रेमादुरा प्रांतातल्या खेर्ते खोऱ्यात मार्चअखेरीस ते एप्रिलमध्ये चेरीची झाडे पांढऱ्या फुलांनी भरून जातात आणि ती पाहायला देशभरातून लोक येतात.

बेरानोची खरी धग ग्वादाल्किबिर नदीच्या खोऱ्यात असते. सेव्हिल आणि कोर्दोबा इथे जुलैत दुपारचे तापमान सरासरी ३६ अंशांच्या आसपास जाते. एसिखा या गावाला लोक 'अंदालुसियाचा तवा' म्हणतात. १४ ऑगस्ट २०२१ रोजी कोर्दोबा प्रांतात पारा ४७ अंशांच्या वर गेला होता. अशा उन्हाला 'उन सोल दे खुस्तिसिआ' म्हणतात. मराठीत रणरणते ऊन. सेव्हिलच्या बाजारपेठेतल्या अरुंद रस्त्यांवर उन्हाळ्यात दोन्ही बाजूंच्या इमारतींमध्ये ताणून कापडी छत घालतात, त्याला 'तोल्दो' म्हणतात. पिण्याचे पाणी गार ठेवायला 'बोतिखो' नावाचे मातीचे भांडे वापरण्याची जुनी रीत आहे. वर धरायला कडी, एका बाजूला पाणी भरायचे रुंद तोंड आणि दुसऱ्या बाजूला बारीक चोच. पाणी मातीतून पाझरते, बाहेर वाळते आणि आतले पाणी थंड होते. आपल्या माठाचेच तत्त्व.

उष्म्याचेही प्रकार आहेत. आतल्या पठारावर 'कालोर सेको', म्हणजे कोरडा उष्मा. भूमध्य समुद्राच्या किनाऱ्यावर 'बोचोर्नो', म्हणजे अंगाला चिकटणारा, दमट उकाडा. विदर्भातले ऊन आणि मुंबईतली उकड यांत जो फरक, तोच या दोन शब्दांत. ज्या रात्री पारा २० अंशांखाली उतरत नाही तिला हवामान खाते 'नोचे त्रोपिकाल' म्हणते. उन्हाळ्याच्या ऐन भराला, म्हणजे जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंतच्या दिवसांना, 'कानिकुला' म्हणतात. हे नाव व्याधाच्या ताऱ्यावरून पडले. लॅटिनमध्ये त्याला 'छोटी कुत्री' या अर्थाचे हे नाव होते.

ओतोन्यो म्हणजे द्राक्षांच्या तोडणीचा, 'बेन्दिमिआ'चा काळ. नोव्हेंबर लागला की शहरांत कोपऱ्याकोपऱ्यावर भाजलेल्या चेस्टनटच्या गाड्या लागतात. थंडी सुरू झाल्यावरही मध्येच काही दिवस ऊब परतते. सप्टेंबरअखेरीच्या अशा दिवसांना 'संत मिगेलचा बेरानियो' आणि ११ नोव्हेंबरच्या आसपासच्या दिवसांना 'संत मार्तिनचा बेरानियो' म्हणतात. 'बेरानियो' म्हणजे छोटा उन्हाळा.

इन्बिएर्नो सगळीकडे सारखा नसतो. आरागोन आणि कास्तिया यांच्या सीमेवरील तेरुएल, कालामोचा आणि मोलिना दे आरागोन या त्रिकोणाला 'बर्फाचा त्रिकोण' म्हणतात. कालामोचात १७ डिसेंबर १९६३ रोजी तापमान उणे ३० अंशांपर्यंत उतरले होते. जानेवारी २०२१ मध्ये 'फिलोमेना' वादळाने माद्रिदवर इतके बर्फ टाकले की राजधानीतले मोठे रस्ते आणि विमानतळ ठप्प झाले. त्याच जानेवारी महिन्यात कॅनरी बेटांवर मात्र वीस अंशांच्या आसपासची सुखद हवा असते. कडाक्याच्या थंडीला 'आसे उन फ्रीओ के पेला' म्हणतात, म्हणजे सालटे काढणारी थंडी.

पावसाची आणि वाऱ्याची नावे

मराठीत जशी भुरभुर, रिमझिम, सर, झड आणि मुसळधार, तशी स्पॅनिशमध्येही पावसाची श्रेणी आहे. 'योबिस्ना' म्हणजे भुरभुर. 'चुबास्को' म्हणजे अचानक येऊन जाणारी सर. 'चापार्रोन' आणि 'आग्वासेरो' म्हणजे जोराची सर. मुसळधार पडला की 'युएबे आ कान्तारोस', म्हणजे घागरींनी पाऊस पडतो.

उत्तर स्पेन ओला आहे. सान्तियागो दे कोम्पोस्तेला या तीर्थक्षेत्री वर्षाला सुमारे १८०० मिलिमीटर पाऊस पडतो, तर आग्नेयेकडील आल्मेरियात जेमतेम २०० मिलिमीटर. म्हणून बारीक पावसाची नावे उत्तरेतच जास्त : बास्क प्रदेशात 'सिरिमिरी', आस्तुरियासमध्ये 'ओर्बायू'. देशभर चालणारा शब्द 'कालाबोबोस', म्हणजे बावळटांना भिजवणारा. पाऊस इतका हलका की माणूस छत्री उघडत नाही आणि घरी पोचेपर्यंत चिंब होतो.

पेरूची राजधानी लिमा इथला शब्द 'गारुआ'. समुद्रातल्या थंड हम्बोल्ट प्रवाहामुळे किनाऱ्यावर महिनोन् महिने खालच्या ढगांचे झाकण बसते, पण पाऊस असा जवळजवळ पडतच नाही. वर्षाचा एकूण पाऊस काही मिलिमीटर ते फार तर एखाद-दोन सेंटिमीटर. जून ते ऑक्टोबर आभाळ राखाडी असते. त्या रंगाला लिमाकर 'पान्सा दे बुर्रो', म्हणजे गाढवाचे पोट, म्हणतात. त्या ढगांतून उतरणारे तुषार म्हणजे गारुआ. शेजारच्या चिलीत आताकामा वाळवंटावर समुद्रावरून येणाऱ्या दाट धुक्याला 'कामान्चाका' म्हणतात. तिथे डोंगरावर जाळ्या उभारून या धुक्यातले पाणी गोळा करण्याचे प्रयोग झाले आहेत. त्या जाळ्यांना 'आत्रापानिएब्लास', म्हणजे धुके पकडणाऱ्या, असे नाव आहे.

वाऱ्यांना तर व्यक्तीसारखी नावे आहेत. एब्रो नदीच्या खोऱ्यात सारागोसाला झोडपणारा थंड कोरडा वारा 'सिएर्सो'. कातालोनियाच्या ईशान्य टोकाला उत्तरेचा 'त्रामोन्ताना'. जिब्राल्टरच्या सामुद्रधुनीत पूर्वेचा 'लेबान्ते' आणि पश्चिमेचा 'पोनिएन्ते'. तारिफा गावातला दिवस कसा जाणार हे या दोघांवर ठरते. बिस्केच्या उपसागरात एकाएकी उठणारी 'गालेर्ना' कोळ्यांचा कर्दनकाळ मानली जाते. सहारातली धूळ कॅनरी बेटांवर आली की 'आय कालिमा' म्हणतात. अर्जेंटिनात गवताळ पाम्पावरून थंड 'पाम्पेरो' येतो आणि अँडीज उतरून सान खुआन आणि मेन्दोसा प्रांतांत उष्ण 'सोन्दा' येतो.

उलटे ऋतू आणि दोनच ऋतू

अर्जेंटिना, चिली आणि उरुग्वे दक्षिण गोलार्धात आहेत. तिथे बेरानो डिसेंबरात सुरू होतो आणि इन्बिएर्नो जूनमध्ये. शाळांची मोठी सुट्टी जानेवारी-फेब्रुवारीत असते. नाताळात घामाच्या धारा लागलेल्या असतात, तरीही युरोपातून स्थलांतरितांनी आणलेला सुक्या मेव्याचा गोड पाव आणि बदामाची मिठाई पानात असतेच. स्पेनमध्ये शिकलेले 'जुलै म्हणजे उन्हाळा' हे समीकरण इथे उपयोगाचे नाही. ९ जुलै २००७ रोजी, अर्जेंटिनाच्या स्वातंत्र्यदिनी, ब्युनोस आयर्समध्ये १९१८ नंतर प्रथमच ठसठशीत बर्फ पडले. लोक रस्त्यांवर उतरले आणि शहरभर 'एस्ता नेबान्दो!' हेच दोन शब्द घुमले. जूनच्या अखेरीस मध्येच ऊब आली तर तिला 'संत खुआनचा बेरानितो' म्हणतात.

विषुववृत्ताच्या आसपास चित्र आणखी पालटते. मध्य अमेरिका, कोलंबिया, व्हेनेझुएला आणि एक्वादोर इथे खऱ्या अर्थाने दोनच ऋतू आहेत : ओला आणि कोरडा. स्पॅनिश वसाहतवाल्यांनी आपल्याकडची नावे बरोबर आणली आणि ती या ऋतूंवर बसवली. पाऊस आणि ढगाळ दिवस म्हणजे 'इन्बिएर्नो', कोरडे दिवस म्हणजे 'बेरानो'. कोस्टा रिकात साधारण मे ते नोव्हेंबर 'इन्बिएर्नो' असतो, तेव्हा थंडी नसते. पुस्तकी भाषेत त्याला 'एस्तासिओन युबिओसा' म्हणतात आणि मेक्सिकोत 'तेम्पोरादा दे युबिआस'. मराठी माणूस 'पावसाळा' या शब्दासाठी स्पॅनिश पर्याय शोधतो, तेव्हा त्याच्या हाती यावेत असे शब्द हेच. पावसाच्या मध्यावर जुलै-ऑगस्टमध्ये जी उघडीप पडते तिला मध्य अमेरिकेत 'बेरानियो' आणि मेक्सिकोत 'कानिकुला' म्हणतात. हे दोन्ही शब्द स्पेनमध्ये वेगळ्या अर्थाने भेटले होते.

कोलंबियात तर हवा महिन्यावर ठरत नाही, उंचीवर ठरते. समुद्रकाठच्या कार्ताहेनात वर्षभर सरासरी २८ अंशांच्या आसपास. सुमारे २६०० मीटर उंचीवरच्या बोगोतात वर्षभर १४ अंशांच्या आसपास. त्यामुळे लोक 'तिएर्रा कालिएन्ते' (उष्ण भूमी) आणि 'तिएर्रा फ्रीआ' (थंड भूमी) अशी विभागणी करतात. मधल्या उंचीवरच्या मेदेयिनला 'चिरंतन वसंताचे शहर' हे बिरुद मिळाले आहे. 'गरम कपडे घ्यायचे का?' या प्रश्नाला तिथे उत्तर मिळते ते गावाच्या नावाने.

कॅरिबियन समुद्रात आणखी एक हंगाम आहे, 'तेम्पोरादा दे उराकानेस'. अटलांटिकमधील चक्रीवादळांचा हा काळ १ जून ते ३० नोव्हेंबर धरतात. 'उराकान' हा शब्द कॅरिबियन बेटांवरील ताइनो लोकांच्या भाषेतून स्पॅनिशमध्ये आला आणि पुढे युरोपातील इतर भाषांत गेला. मोसमी पावसासाठी असलेला 'मोन्सोन' हा शब्द उलट दिशेने आला. अरबी समुद्रात जहाजे हाकणाऱ्या अरबांचा 'मौसिम' पोर्तुगीजांनी उचलला आणि त्यांच्याकडून तो स्पॅनिशला मिळाला. मराठीतले 'मोसम' आणि 'मान्सून' हे दोन्ही शब्द त्याच मुळाचे.

म्हणींतले पंचांग

मराठी शेतकऱ्याचा पाऊस नक्षत्रांवर मोजला जातो, 'पडतील स्वाती तर पिकतील मोती' अशा म्हणींत. स्पॅनिश शेतकऱ्याचा पाऊस महिन्यांवर आणि संतांच्या दिवसांवर मोजला जातो. 'एन आब्रिल, आग्वास मिल' म्हणजे एप्रिलात पाऊसच पाऊस. 'आन्यो दे निएबेस, आन्यो दे बिएनेस' म्हणजे बर्फाचे वर्ष ते बरकतीचे वर्ष, कारण डोंगरावरचे बर्फ वितळून पुढे पाणी पुरवते. 'पोर सान ब्लास, ला सिगुएन्या बेरास' म्हणजे ३ फेब्रुवारीला, संत ब्लासच्या दिवशी, करकोचा दिसेल. 'आस्ता एल क्वारेन्ता दे मायो नो ते कितेस एल सायो' ही तर घरोघरची म्हण : मे महिन्याच्या चाळिसाव्या दिवसापर्यंत अंगावरचा डगला काढू नकोस. मेचा चाळिसावा दिवस म्हणजे ९ जून.

हवेवरून निघालेले वाक्प्रचारही रोजच्या बोलण्यात असतात. 'कोमो आग्वा दे मायो' म्हणजे मेच्या पावसासारखे, अगदी हवे तेव्हा मिळालेले. 'युएबे सोब्रे मोखादो' म्हणजे ओल्यावरच पाऊस. एका संकटावर दुसरे येणे, दुष्काळात तेरावा महिना. 'नुंका युएबे आ गुस्तो दे तोदोस' म्हणजे पाऊस सर्वांच्या मनासारखा कधीच पडत नाही. 'आल माल तिएम्पो, बुएना कारा' म्हणजे दिवस वाईट असले तरी चेहरा हसरा ठेवावा.

वेधशाळेची भाषा

तापमान सेल्सिअसमध्ये सांगतात. 'आ क्वान्तोस ग्रादोस एस्तामोस?' म्हणजे आपण किती अंशांवर आहोत? उत्तर, 'एस्तामोस आ त्रेइन्ता ग्रादोस', तीस अंशांवर. शून्याखाली असेल तर 'बाखो सेरो' जोडायचे. 'ओला दे कालोर' म्हणजे उष्णतेची लाट, 'ओला दे फ्रीओ' म्हणजे थंडीची लाट. स्पेनचे राष्ट्रीय हवामान खाते 'आएमेत' या लघुनामाने ओळखले जाते. पिवळा, नारिंगी आणि लाल अशा तीन पातळ्यांवर ते इशारे देते.

या भाषेतला एक शब्द अलीकडे फार दुःखद रीतीने घरोघर पोचला. शरदात समुद्र अजून उबदार असताना वातावरणाच्या वरच्या थरात थंड हवेचा एक पट्टा मुख्य प्रवाहापासून तुटून वेगळा पडतो आणि भूमध्य किनाऱ्यावर काही तासांत प्रचंड पाऊस कोसळतो. लोक याला 'गोता फ्रीआ', थंड थेंब, म्हणत आले. शास्त्रज्ञांनी 'दाना' हे लघुनाम वापरले. 'वरच्या थरातील तुटलेला कमी दाबाचा पट्टा' या अर्थाच्या स्पॅनिश शब्दांची ती आद्याक्षरे आहेत. २९ ऑक्टोबर २०२४ रोजी वालेन्सिया प्रांतात अशाच दानाने महापूर आला आणि दोनशेहून अधिक माणसे गेली. तुरिस या गावी एका दिवसात सुमारे ७७० मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. त्या वर्षीचा शब्द म्हणून भाषाविषयक संस्था 'फुन्देऊ'ने 'दाना'चीच निवड केली.

दुसरा शब्द मराठी वृत्तपत्रांत दर उन्हाळ्यात येतो : 'एल निनो'. मूळ उच्चार 'एल नीन्यो', अर्थ बालक, म्हणजे बाळ येशू. पेरूच्या किनाऱ्यावर नाताळाच्या सुमारास समुद्रात गरम पाण्याचा प्रवाह येतो, म्हणून कोळ्यांनी त्याला हे नाव दिले. १८९०च्या दशकात पेरूच्या भूगोल अभ्यासकांनी त्याची नोंद केली. याच गोष्टीची दुसरी बाजू भारतात उलगडली. १९०४ ते १९२४ या काळात भारतीय वेधशाळांचे प्रमुख असलेले गिल्बर्ट वॉकर मान्सूनचा अंदाज बांधण्याच्या खटपटीत होते. त्यातून त्यांना प्रशांत आणि हिंदी महासागरांवरील हवेच्या दाबाचा झोका सापडला. एल नीन्यो आणि हा झोका यांचा सांधा पुढे १९६०च्या दशकात जेकब ब्यर्कनेस यांनी जुळवला. पेरूसमोरचे पाणी तापले की भारतात पाऊस कमी पडण्याची शक्यता वाढते, हे आज शेतकऱ्यालाही माहीत आहे. भारतीय हवामान खात्याचे मुख्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून पुण्याला आले. पुण्यातल्या 'सिमला ऑफिस' या नावामागे तोच इतिहास आहे.

शिकणाऱ्याने काय करावे

आधी 'आसे', 'एस्ता' आणि 'आय' यांची वाटणी पक्की करावी. मग 'युएबे' आणि 'निएबा' ही कर्ता नसलेली क्रियापदे घ्यावीत आणि त्यानंतर 'मुचो' आणि 'मुय' यांचा फरक. एवढ्यावर कुठल्याही स्पॅनिशभाषक देशात हवेबद्दल नीट बोलता येते. त्यापुढे शब्दांची यादी पाठ करण्यापेक्षा एक गाव निवडावे, सेव्हिल, लिमा, बोगोता किंवा ब्युनोस आयर्स, आणि त्या गावचा हवामानाचा अंदाज महिनाभर रोज तिथल्याच वृत्तपत्रात स्पॅनिशमध्ये वाचावा. कुणी 'इन्बिएर्नो' म्हटले की त्याच्या गावात तेव्हा काय असते, हे विचारूनच पुढे बोलावे. शब्द एकच असला तरी स्वेटर घ्यायचा की छत्री, हे त्या उत्तरावर ठरते.